हवेतली शेजपाळी

मोबाइलवर क्रिकेटचा सामना सुरळीत दिसत असतो. तेवढ्यात त्याच फोनवर गावाकडून कॉल येतो आणि ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय’ यापलीकडे बोलणं सरकत नाही. हा अनुभव सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण हिशेब मांडला तर तो उलटा वाटतो. सामन्याच्या चित्राला सेकंदाला वीस-तीस लाख बिट लागतात, बोलण्याला पंधरा हजारांच्या आसपास. शंभरपटीहून जास्त ओझं उचलणारं जाळं एवढ्याशा आवाजापाशी का अडतं?

कारण आवाजाला वेगापेक्षा वेळ पाळलेली हवी असते. सामन्याचं चित्र फोन काही सेकंद आधीच भरून ठेवतो आणि मधेच जाळं गचकलं तरी साठ्यातलं दाखवत राहतो. बोलण्याचा असा साठा करता येत नाही, कारण पुढचं वाक्य समोरच्याने अजून उच्चारलेलंच नसतं. म्हणून बिनतारी जाळ्यात आवाजाची वाहतूक सांभाळणाऱ्याला सतत ठरवावं लागतं: आधी कोणाला सोडायचं, कोणाला थांबवायचं आणि कोणाला आतच घ्यायचं नाही. नगर जिल्ह्यातल्या (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर) माणसाला हे काम परकं वाटू नये. भंडारदऱ्याच्या पाण्यावर इथे जवळपास शंभर वर्षं हेच चालू आहे.

वीस मिलिसेकंदांचे तुकडे

तारेच्या जुन्या टेलिफोनमध्ये कॉल लागला की दोन माणसांमध्ये एक अखंड मार्ग राखून ठेवला जाई. बोला नाहीतर गप्प बसा, तो मार्ग तुमचाच. असे किती मार्ग बांधावेत याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर क्रारूप एर्लांग या गणितज्ञाने १९०९ ते १९१७ या काळात मांडलं. कॉलची वाहतूक आजही त्याच्याच नावाच्या एककात मोजतात: एक मार्ग पूर्ण तास व्यापलेला राहिला की एक एर्लांग.

त्याच्या सूत्रातून निघणारी एक गोष्ट पुढे सगळीकडे उपयोगी पडली. एका भागात सरासरी दहा कॉल एकाच वेळी चालू असतात आणि गर्दीमुळे शंभरातले दोनच नाकारले जावेत, असं ठरवलं तर सतरा मार्ग लागतात. अशा दोन भागांना वेगवेगळे बांधले तर चौतीस लागतील. तेच दोन्ही भागांना एकत्र दिले तर अठ्ठावीसात काम भागतं. सगळ्यांची घाई एकाच क्षणी होत नसल्यामुळे सामायिक साठा स्वस्त पडतो.

इंटरनेटने ही काटकसर टोकाला नेली. तिथे राखीव मार्गच नाही. तुमचा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, प्रत्येक तुकडा आकड्यांत बदलून एका पॅकेटात घातला जातो आणि सेकंदाला पन्नास पॅकेट रवाना होतात. संभाषणात प्रत्येक जण निम्म्याहून अधिक वेळ ऐकतच असतो. त्या वेळात फोन जवळपास काही पाठवत नाही, पार्श्वभूमीची हलकी खरखर कळवणारं एखादं पॅकेट तेवढं जातं. ती मोकळी जागा दुसऱ्याच्या कामी येते.

मात्र या पॅकेटात एक विचित्र असमतोल आहे. आजच्या ४जी कॉलमध्ये सर्रास वापरली जाणारी ‘एएमआर-वाइडबँड’ ही पद्धत वीस मिलिसेकंदांचा आवाज साधारण ३३ बाइटमध्ये बसवते. जुन्या टेलिफोनला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी मिळे, तर इथे ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, आणि तो जुन्या डिजिटल टेलिफोनच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या बिटांत मावतो. पण पत्ता, क्रमांक आणि वेळेची नोंद सांगणारी जी शीर्षकं पॅकेटावर चढतात, ती ४० बाइटची असतात, आणि इंटरनेटच्या नव्या सहाव्या आवृत्तीत ६० बाइटची. वाहून न्यायच्या मालापेक्षा वेष्टणच जड. म्हणून ४जी-५जीच्या जाळ्यात फोन आणि टॉवर मिळून ही शीर्षकं दाबतात. एकाच कॉलच्या लागोपाठच्या पॅकेटांवरचा पत्ता बदलत नाही, क्रमांक एकेकाने वाढतो. मग दर वेळी फक्त बदल कळवला की पुरतं. चाळीस बाइटचे तीन-चार होतात आणि हवेतला भार निम्म्यावर येतो.

पॅकेटांतून बोलता येतं हे अमेरिकेच्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर, १९७४ मध्येच दाखवलं गेलं. कॅलिफोर्नियातली इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन लॅबोरेटरी यांच्यातल्या त्या प्रयोगांमागे डॅनी कोहेन हा संगणकशास्त्रज्ञ होता. त्याला तिथे कळलेली गोष्ट इंटरनेटच्या रचनेतच शिरली. त्या काळचा मूळ नियम होता की हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवायचं आणि ते येईपर्यंत मागची रोखून धरायची. पत्रव्यवहाराला हे योग्य, पण बोलण्याला घातक. अर्ध्या सेकंदापूर्वीचा हरवलेला ‘का’ आता येऊन काय उपयोग? त्याची वाट पाहण्यापेक्षा तो सोडून पुढे जाणं बरं. कोहेन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या आग्रहातून १९७८ मध्ये एकसंध असलेला टीसीपी हा नियमसंच फोडून पत्त्याचं काम आयपीकडे गेलं, आणि भरपाई न मागणाऱ्या यूडीपीला वाट मोकळी झाली. आज व्हॉट्सअॅपचा कॉल असो की मोबाइल कंपनीचा, आवाज बहुधा याच वाटेने जातो.

हरवणं आवाजाला सोसतं, उशीर सोसत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंतचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणाऱ्याला तो जाणवत नाही. ४०० च्या पुढे संभाषण बिघडतं, दोघं एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात. शिवाय विलंब एकसारखाही हवा. एक पॅकेट ४० मिलिसेकंदांत, पुढचं ९० मध्ये आणि तिसरं ५० मध्ये आलं तर आवाज लडखडतो. तो सपाट करण्यासाठी ऐकणारा फोन आलेली पॅकेट थोडी अडवून समान अंतराने वाजवतो. ही अडवणूक लहान ठेवली तर उशिरा आलेली पॅकेट वाया जातात, मोठी ठेवली तर विलंब वाढतो. फोनमधला प्रोग्रॅम ती मात्रा सतत कमीजास्त करत असतो. पॅकेट आलंच नाही तर तो आधीच्या आवाजावरून अंदाजाने जागा भरतो. अशा अंदाजांची संख्या वाढली की माणसाचा आवाज यंत्रमानवासारखा ऐकू येतो.

टॉवर पाणी कसं वाटतो

प्रवरेचं पाणी भंडारदऱ्याच्या धरणात अडतं. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण अकोले तालुक्यात आहे. तिथून सोडलेलं पाणी संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं आणि पुढे राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातं. कालव्याला पाणी आलं म्हणून कोणीही दार उचलत नाही. आधी सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरी घ्यायची. मग शेजपाळी लागते: कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती वेळ. साठा कमी असेल तर नवे अर्ज नाकारतात; कारण सगळ्यांना थोडं थोडं देऊन कोणाचंच पीक भिजलं नाही, तर ते वाटप कसलं?

४जीचा टॉवर हेच करतो, फक्त पाळी दिवसाची नसून एक मिलिसेकंदाची असते. त्याच्याकडची वीस मेगाहर्ट्झची लहरपट्टी शंभर बारीक वाफ्यांत विभागलेली असते. प्रत्येक मिलिसेकंदाला कोणता वाफा कोणत्या फोनला, हे टॉवर नव्याने जाहीर करतो. आणि हे वाटप सगळ्यांना सारखं नसतं. प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीला जागतिक मानकांनी एक वर्गक्रमांक दिला आहे. मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या कॉलचा, म्हणजे व्होल्टेचा, वर्ग पहिला. त्याला ठरावीक वेगाची हमी मिळते, फोनपासून कंपनीच्या प्रवेशद्वारापर्यंत १०० मिलिसेकंदांची मुदत मिळते आणि शंभरात एखादं पॅकेट हरवलं तरी चालतं. साध्या इंटरनेटचा वर्ग बहुधा नववा असतो. त्याला हमी काहीच नाही, मुदत ३०० मिलिसेकंद, पण हरवलेलं पॅकेट दहा लाखांत एक. या दोन ओळींत आवाज आणि मजकूर यांचे स्वभाव उघडे पडतात. एकाला वेळ हवी, दुसऱ्याला पूर्णता.

सात नंबरच्या अर्जाचंही इथे स्थान आहे. व्होल्टे कॉल लावताना जाळं आधी पाहतं, की हमी पाळण्याइतके वाफे शिल्लक आहेत का. नसतील तर कॉल लागतच नाही. ग्राहकाला ते चीड आणणारं वाटतं, पण एका जास्तीच्या कॉलसाठी चालू असलेल्या सगळ्या कॉलचा आवाज फाटू देणं त्याहून वाईट. साध्या इंटरनेटला असा दरवाजा नाही. सगळे आत येतात आणि जे मिळेल ते वाटून घेतात. व्हॉट्सअॅपचा कॉल याच खुल्या गर्दीत असतो. टॉवरच्या नजरेत तो आणि कोणाच्या तरी फोनवर उतरत असलेला सिनेमा सारखेच. म्हणून टॉवर मोकळा असताना दोन्ही कॉलमध्ये फरक कळत नाही, पण गर्दीच्या वेळी कंपनीचा कॉल टिकतो आणि अॅपचा तुटतो.

कालव्याशी असलेलं साम्य इथे संपतं. पाणी दोन दिवस उशिरा आलं तरी पीक तग धरतं आणि न दिलेलं पाणी धरणात राहतं. हवेतला वाफा त्या मिलिसेकंदाला वापरला नाही तर कायमचा गेला.

शिर्डी : गर्दीचं गणित

रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी हे शिर्डीचे तीन मोठे उत्सव. दर गुरुवारी पालखी निघते. अशा दिवशी कायम वस्तीच्या कित्येक पट माणसं मंदिराभोवतीच्या थोड्या जागेत येतात. दर्शन झालं की बहुतेकांना दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या असतात, घरी फोटो पाठवायचा आणि चुकामूक झालेल्या माणसाला फोन लावायचा. एर्लांगच्या गणिताचा पायाच असा की लोकांच्या घाईचा एकमेकांशी संबंध नसतो. आरती संपते त्या क्षणी तो पाया निसटतो.

गर्दीत पहिला अडथळा वाफे संपण्याच्या आधीच येतो. बोलायचं असो वा संदेश पाठवायचा, स्वस्थ पडलेल्या फोनला आधी टॉवरचं दार ठोठावावं लागतं. त्यासाठी ४जीच्या प्रत्येक पट्ट्यात ६४ ठरावीक संकेत आहेत. फोन त्यातला एक नशिबाने निवडतो. दोन फोनांनी एकाच वेळी एकच संकेत निवडला की टक्कर होते आणि थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. प्रयत्न करणारे वाढले की टकरा वाढतात, टकरा वाढल्या की पुन्हा प्रयत्न करणारे वाढतात. सिग्नलच्या दांड्या पूर्ण असताना ‘कॉल फेल्ड’ दिसतं, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. यावर तोडगा म्हणून प्रत्येक सिमला ० ते ९ पैकी एक प्रवेशवर्ग दिलेला असतो. फारच गर्दी झाली तर टॉवर साध्या कामांसाठी प्रवेश काही काळ आवरतो. आणीबाणीच्या कॉलला आणि पोलिसांसारख्या सेवांना त्यातून वेगळी सूट देता येते, आणि नव्या मानकांत व्होल्टे कॉललाही.

दुसरा अडथळा घोषणेचा. कोणता वाफा कोणाला, हे दर मिलिसेकंदाला जाहीर करायलाही जागा लागते आणि ती मर्यादित आहे. सिनेमा पाहणाऱ्या एका माणसाला एका घोषणेत भरपूर वाफे देता येतात. बोलणाऱ्या शंभर जणांना मात्र चिमूट चिमूट देण्यासाठी शंभर घोषणा कराव्या लागतात. वाफे शिल्लक आणि घोषणेला जागा नाही, अशी अवस्था येते. आवाज दर वीस मिलिसेकंदांनी येणार हे ठाऊकच असतं, मग दर वेळी नव्याने कशाला सांगायचं? म्हणून मानकांत सोय आहे की टॉवरने एकदाच सांगावं, ‘पुढची सूचना येईपर्यंत दर वीस मिलिसेकंदांनी हे वाफे तुझे’.

एवढं करूनही मूळ मर्यादा उरते, ती म्हणजे एका टॉवरखाली माणसं किती. उत्सवात वाहनावर बसवलेले तात्पुरते टॉवर आणतात, ते यासाठीच. त्यांची ताकद मुद्दाम कमी ठेवली जाते. जोरात ओरडणारा एक मोठा टॉवर सगळ्या गावाला एकाच साठ्यावर आणतो. हळू बोलणारे दहा लहान टॉवर तीच लहरपट्टी दहा वेळा वापरू देतात. पण टॉवर दहा केले आणि त्यांना मागून जोडणारी केबल तीच जुनी ठेवली, तर कोंडी हवेतून केबलमध्ये जाते, एवढंच.

कोंडी कुठे होते हे बाहेरून कळत नाही, याचं मोठं उदाहरण २०१६ चं आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने सेवा सुरू केली. तिच्याकडे २जी-३जी नव्हतंच, म्हणून प्रत्येक कॉल इंटरनेटच्या पॅकेटांतूनच जाणार होता. देशभर एवढ्या प्रमाणावर आवाज पॅकेटांत जाण्याची ती सुरुवात. पण पहिल्या महिन्यांत दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकावर लावलेले कॉल मोठ्या संख्येने अडले. हवेत जागा होती. अपुरे होते ते कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात ते सांधे. अशा सांध्यावर गर्दीमुळे अडणारे कॉल हजारात पाचपेक्षा जास्त नसावेत, असा नियम होता. त्याचा भंग झाल्याचं सांगत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर २०१६ मध्ये तीन जुन्या कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. कोंडी हवेतली असो की सांध्यावरची, ग्राहकाला मात्र एकच वाक्य ऐकू येतं: कॉल लागत नाही.

अकोले : डोंगराआडची अडचण

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गर्दीचा प्रश्नच नाही. अकोले तालुक्यात कळसूबाई आहे, १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वोच्च शिखर. तिथेच रतनगड आणि हरिश्चंद्रगड. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पाचनई ही गावं अशाच कड्यांच्या आणि खिंडींच्या कुशीत आहेत. रेडिओलहरी खडकातून आरपार जात नाहीत; कड्यावरून थोड्या वाकतात, तेवढंच. कमी कंपनसंख्येच्या लहरी जास्त वाकतात. म्हणून अशा भागात ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे कामी येतात आणि शहरात वेग देणारे २३००-२५०० चे पट्टे पहिल्याच सोंडेआड विझतात.

इथल्या कॉलची एक खोड लक्षात घ्यायला हवी. फोनवरच्या दांड्या सांगतात की टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो. फोनचा आवाज टॉवरला ऐकू येतो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर वीस-चाळीस वॅटने बोलतो, फोन ०.२ वॅटने. म्हणून डोंगराआड ‘मला तुझं ऐकू येतंय, तुला माझं येतंय का?’ ही एकतर्फी अवस्था सारखी येते. यासाठी ४जीत एक उपाय आहे. एका मिलिसेकंदात पाठवायचा तुकडा फोन लागोपाठ चार मिलिसेकंद चार वेळा पाठवतो आणि टॉवर चारही अस्पष्ट प्रती एकत्र करून त्यातून मूळ तुकडा काढतो. खर्च चौपट, पण जिथे माणसंच थोडी आहेत तिथे तो परवडतो. शिर्डीच्या गर्दीत हीच चैन महागात पडेल. आवाज फारच क्षीण झाला तर फोन बिटांची संख्या कमी करतो. स्वर थोडा कोंदट होतो, पण शब्द पोचतात.

टॉवर नसलेल्या गावांचा प्रश्न वेगळा. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० गावांत ४जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे सोपवलं. त्यासाठीची यंत्रणा टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांनी देशात बनवली आहे. टॉवर उभा राहिला की काम संपतं असं नाही. घाटमाथ्यावर वीज जाते, पावसात रेडिओने केलेली जोडणी क्षीण होते. आवाज पोचवायला फार क्षमता लागत नाही हीच यातली जमेची बाजू. बारीक जोडणीवरही डझनावारी कॉल नीट चालू शकतात, जर ती जोडणी व्हिडिओंनी गिळलेली नसेल आणि आवाजाला पहिली पाळी दिलेली असेल.

जिथे टॉवर दिसत नाही पण फायबर पोचली आहे, तिथे वायफाय कॉलिंग हा मार्ग आहे. भारतात ते डिसेंबर २०१९ पासून मिळू लागलं. फोन घरच्या इंटरनेटवरून कंपनीच्या जाळ्यापर्यंत एक कुलूपबंद बोगदा तयार करतो आणि नेहमीचाच क्रमांक वापरून कॉल लागतो. वेगळं अॅप लागत नाही, समोरच्याकडे स्मार्टफोन असण्याचीही गरज नाही.

घरातलं वायफाय : इथे पाटकरी नाही

टॉवरच्या राज्यात कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखा वाटप करणारा एक जण असतो. वायफायमध्ये बहुधा असं कोणी नसतं. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेतं, हवा शांत आहे असं वाटलं की नशिबाने काढलेल्या आकड्याएवढे क्षण थांबतं आणि मग बोलतं. पाठवलेल्या तुकड्याची पोच आली नाही तर पुन्हा तेच.

लहान पॅकेटांना ही रीत फार महाग पडते. ११ मेगाबिटचं जुनं वायफाय घ्या. दोन्ही बाजूंचा मिळून १२८ किलोबिटचा एक कॉल धरला तर भागाकाराने ८५ कॉल चालायला हवेत. प्रत्यक्षात दहा-बारा चालत. कारण आवाजाचा तुकडा हवेत एका मिलिसेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा घेई. पण कानोसा, थांबणं, सुरुवातीचा इशारा आणि पोच मिळून त्याच्या सहा-सातपट वेळ जाई. त्यात राउटरची पंचाईत निराळी. दहा फोनांना ऐकवायचे दहा प्रवाह त्याच्याकडे असतात, पण बोलण्याची संधी मात्र एका फोनाएवढीच. म्हणून आधी तुटतो तो ऐकू येणारा आवाज.

या बेशिस्तीला २००५ च्या ८०२.११ई मानकाने थोडं वळण लावलं. आवाज, व्हिडिओ, साधी वाहतूक आणि पडून राहिलेली कामं अशा चार रांगा केल्या. साधं पॅकेट ० ते १५ मधला आकडा काढून थांबतं, आवाजाचं पॅकेट ० ते ३ मधला. पाळी नशिबानेच लागते, पण फासे आवाजाकडे झुकवलेले असतात. ‘डब्ल्यूएमएम’ या नावाने ही सोय आजच्या जवळपास प्रत्येक राउटरमध्ये असते आणि ती बंद करू नये.

तरीही घरचा कॉल बिघडतो, आणि त्याचं मोठं कारण राउटरच्या पोटातली लांब रांग आहे. फोनमधले फोटो आपोआप वर चढायला लागले की राउटर त्यांची हजारो पॅकेट न टाकता साठवत जातो. मेमरी स्वस्त झाली तसं बनवणाऱ्यांनी साठवणही वाढवली. मग आवाजाचं चिमुकलं पॅकेट त्या ढिगामागे सेकंद-सेकंद अडकतं. अमेरिकी अभियंता जिम गेटिस याने २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे जगाचं लक्ष वेधलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ हा उतारा दिला: रांग किती लांब आहे हे पाहू नका, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते पाहा, पाच मिलिसेकंदांहून जास्त वेळ सतत थांबावं लागत असेल तर काही पॅकेट टाकून द्या. पाठवणारं यंत्र इशारा ओळखून सावकाश पाठवू लागतं. त्याची सुधारलेली आवृत्ती प्रत्येक संभाषणाला वेगळी रांग देते आणि थोडं पाठवणाऱ्याला आधी सोडते. आवाज कोणता, सिनेमा कोणता, हे तिला ओळखावंही लागत नाही. कमी मागणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, एवढाच तिचा नियम.

प्राधान्य कोणी ठरवायचं?

यंत्राला प्राधान्य देता येतं म्हटल्यावर ते विकताही येतं. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याची योजना जाहीर केली आणि चार-पाच दिवसांत टीकेमुळे मागे घेतली. मार्च २०१५ मध्ये ट्रायने या विषयावर मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली, आणि जुलै २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या वाहतुकीला समान वागवण्याची, चौकट मान्य केली. कंपनीला व्हॉट्सअॅपचा कॉल अडवता येत नाही की मुद्दाम मंद करता येत नाही. जाळं चालू ठेवण्यापुरतं वाजवी नियोजन करता येतं.

यात एक तिढा उरतोच. कंपनीचा स्वतःचा कॉल पहिल्या वर्गात आणि दुसऱ्याच्या अॅपचा नवव्यात, हे समान वागणं कसं? बचाव असा की व्होल्टे ही परवान्याखालची टेलिफोनसेवा आहे. तिच्यावर ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाची जबाबदारी आहे, तिच्या दर्जावर सरकारी निकष आहेत. मला हा बचाव पटतो, पण एका अटीवर. पहिल्या वर्गाचा मान घेणाऱ्याने त्या मानाचा हिशेब द्यायला हवा. पाथर्डी-शेवगावहून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांशी असलेलं नातं त्या कॉलवर टिकून असतं. तो तुटला तर ‘हवेतली अडचण’ हे उत्तर पुरेसं नाही.

हिशेब मागण्याचे प्रयत्न झाले आहेत. तुटलेल्या प्रत्येक कॉलला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, अशी भरपाई ट्रायने १ जानेवारी २०१६ पासून ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी ११ मे रोजी रद्द केली. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झाले. त्यांत ४जी-५जीसाठी विलंब आणि पॅकेट हरवण्याचेही निकष आहेत, आणि कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर मांडायचे आहेत.

तेव्हा ग्राहकाने, ग्रामपंचायतीने प्रश्न विचारताना ‘नेट किती फास्ट?’ एवढ्यावर थांबू नये. टॉवरला मागून कशाने जोडलं आहे, वीज गेल्यावर तो किती तास चालतो, संध्याकाळी सातला विलंब किती मिलिसेकंद असतो आणि किती कॉल नाकारले जातात, हे विचारावं. फोनमध्ये व्होल्टे आणि वायफाय कॉलिंग चालू ठेवावं. महत्त्वाचं बोलणं गर्दीच्या जागी अॅपऐवजी साध्या कॉलवर करावं. कॉल चालू असताना फोटोंची चढाई थांबवावी. कालव्याच्या शेवटच्या चारीवरचा शेतकरी धरणात साठा किती हे विचारून गप्प बसत नाही, आपली पाळी कधी आणि ती पाळली जाणार का, हेही विचारतो. मोबाइल कंपनीपुढे त्याच हक्काने उभं राहायला काय हरकत आहे?